भाड्याची परवडणारी घरे : पैसा कुठून येतो, करसवलत कुणाला मिळते? खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर आणि नंदुरबार या भागांतून भाड्याच्या घरांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न वरच्या मजल्यावर चार खोल्या काढून त्या भाड्याने देणाऱ्या घरमालकांचे आहेत, काही औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या भाडेकरूंचे, तर काही नगरपालिकांच्या सदस्यांचे आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू होत असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. लोकांच्या तोंडी जुनेच क्रमांक असल्याने ओळख पटावी म्हणून येथे १९६१ च्या कायद्यातील क्रमांक वापरले आहेत.

१. ‘परवडणारे भाडे’ म्हणजे नेमके किती?

घरभाडे आणि त्याबरोबरचा वीज-पाण्याचा खर्च मिळून कुटुंबाच्या उत्पन्नाच्या सुमारे तीस टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, असा मापदंड जगभर वापरला जातो. महिन्याला १५,००० रुपये मिळवणाऱ्या कुटुंबासाठी ही रक्कम ४,५०० रुपये होते. प्रधानमंत्री आवास योजना-शहरी २.० मध्ये वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेले कुटुंब आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटात, तीन ते सहा लाखांचे अल्प उत्पन्न गटात आणि सहा ते नऊ लाखांचे मध्यम उत्पन्न गटात धरले जाते. दुर्बल गटाची मर्यादा महिन्याला २५,००० रुपये असल्याने त्या टोकाला परवडणारे भाडे ७,५०० रुपये निघते. ४,५०० आणि ७,५०० ही दोन्ही कुटुंबे कागदोपत्री एकाच गटात आहेत. पुढच्या अनेक उत्तरांचा धागा या फरकात आहे, म्हणून तो लक्षात ठेवावा.

२. जमीन स्वतःची असूनही बांधणारे म्हणतात की चार-साडेचार हजारांत खोली-स्वयंपाकघर देणे जमत नाही. हे खरे आहे का?

बहुतेक वेळा खरे आहे. याचे कारण त्यांचा लोभ नसून कर्जाचा हप्ता आहे. गणित समजावे म्हणून काही आकडे धरू. ते बाजारभाव नाहीत, प्रत्येकाने आपल्या गावाचे आकडे त्यांच्या जागी घालून पाहावेत. जमीन स्वतःची आहे, तीस चौरस मीटरचे एक घर बांधायला नऊ लाख रुपये लागतात आणि ही सगळी रक्कम नऊ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी कर्जाऊ घेतली आहे, असे समजा. या दराने प्रत्येक लाखाला महिन्याचा हप्ता सुमारे ९०० रुपये पडतो, म्हणजे एका घराचा हप्ता ८,१०० रुपये झाला. देखभाल, घरपट्टी आणि घर रिकामे राहण्याचा काळ यांसाठी आणखी ९०० रुपये धरले की भाडे ९,००० रुपयांवर जाते. मालकाने स्वतःसाठी एक रुपयाही नफा ठेवलेला नाही, तरीही ही रक्कम परवडणाऱ्या भाड्याच्या दुप्पट आहे.

आता उलट बाजूने पाहू. भाडे ४,५०० ठेवायचे, तर ९०० रुपये वजा जाऊन हप्त्यासाठी ३,६०० रुपये उरतात आणि तेवढ्यात फक्त चार लाखांचे कर्ज फिटते. उरलेले पाच लाख परत फेडावे न लागणाऱ्या पैशातून यायला हवेत. अनुदान, करसवलतीच्या मोबदल्यात मिळालेले भांडवल (प्रश्न ४ पाहा), फुकट किंवा नाममात्र दराने मिळालेली जमीन, वाढीव चटई निर्देशांक (एफएसआय, म्हणजे जमिनीच्या क्षेत्रफळाच्या तुलनेत किती बांधकाम करता येते त्याचे प्रमाण) हे सगळे त्या पाच लाखांची जागा भरण्याचे वेगवेगळे मार्ग आहेत. दुसरा मार्ग कर्जच स्वस्त आणि लांब मुदतीचे करण्याचा. तेच नऊ लाख सहा टक्क्यांनी मिळाले, तर हप्ता ८,१०० वरून सुमारे ६,४५० वर येतो. भाड्याच्या घरांचे कोणतेही धोरण समोर आले की मी पहिला प्रश्न विचारतो तो असा: त्यामुळे एका घरामागचे कर्ज किती कमी झाले, आणि उरलेल्या कर्जाचे व्याज किती उतरले?

३. टॅक्स क्रेडिट आणि आपल्याकडची वजावट यांत फरक काय?

वजावट उत्पन्नातून होते आणि क्रेडिट थेट कराच्या रकमेतून होते. तीस टक्के कर भरणाऱ्याला एक लाखाची वजावट मिळाली, तर उपकर सोडून त्याचा ३०,००० रुपये कर वाचतो. एक लाखाचे क्रेडिट मिळाले, तर पूर्ण एक लाख वाचतात. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, ती कलम ८७अ ची सूट जात्याच क्रेडिटसारखी आहे, कारण तिथे आधी कर काढून मग तो माफ केला जातो. जीएसटीतील इनपुट टॅक्स क्रेडिटचे फक्त नाव सारखे आहे. तो आधी भरलेल्या कराचा परतावा असतो, घरबांधणीसाठीचे प्रोत्साहन नव्हे.

४. अमेरिकेत टॅक्स क्रेडिटवर भाड्याची घरे बांधतात म्हणजे नेमके काय करतात?

१९८६ मध्ये तिथे करसुधारणा कायदा झाला. त्यातून अंतर्गत महसूल संहितेत कलम ४२ आले आणि ‘अल्प उत्पन्न गृहनिर्माण टॅक्स क्रेडिट’ सुरू झाले. आरंभी हे तात्पुरते होते, १९९३ मध्ये ते कायम करण्यात आले. तेव्हापासून या मार्गाने तीस लाखांहून अधिक घरे बांधली किंवा दुरुस्त केली गेली आहेत. सरकार स्वतः घर बांधत नाही आणि बांधणाऱ्याला रोख पैसाही देत नाही. केंद्र सरकार लोकसंख्येच्या प्रमाणात प्रत्येक राज्याला क्रेडिटचा कोटा देते. राज्याची गृहनिर्माण वित्त संस्था दरवेळी एक वाटप आराखडा प्रसिद्ध करते, त्यात कोणत्या प्रकल्पाला किती गुण हे आधीच ठरलेले असते, आणि अर्जांची छाननी करून ती निवडक प्रकल्पांना क्रेडिट देते.

क्रेडिट मिळालेल्या विकासकाकडे बहुधा स्वतःचा एवढा कर नसतो की ते त्याला वापरता येईल. म्हणून तो एक भागीदारी संस्था स्थापन करतो. तिच्यात बँक किंवा मोठी कंपनी जवळजवळ संपूर्ण, बहुधा ९९.९९ टक्के, हिस्सा घेते आणि त्याबदल्यात बांधकामासाठी भांडवल आधीच घालते. पुढची दहा वर्षे ती कंपनी दरवर्षी आपल्या करातून क्रेडिट वळते करून घेते. १९७७ च्या सामुदायिक पुनर्गुंतवणूक कायद्यामुळे बँकांना आपल्या परिसरातील अल्प उत्पन्न वस्त्यांकडे लक्ष द्यावे लागते, त्यामुळे या गुंतवणुकीत बँकांचा वाटा मोठा असतो. हे भांडवल परत फेडायचे नसते. त्यामुळे कर्ज कमी होते आणि भाडे खाली येते. प्रश्न २ मधील ‘पाच लाख कुठून’ या प्रश्नाला तिथे सापडलेले उत्तर हे आहे.

अटी कडक आहेत. किमान वीस टक्के घरे त्या भागाच्या मध्यक उत्पन्नाच्या (निम्मी कुटुंबे ज्याच्या खाली आणि निम्मी वर असतात त्या आकड्याच्या) पन्नास टक्क्यांपर्यंत मिळकत असलेल्यांना, किंवा किमान चाळीस टक्के घरे साठ टक्क्यांपर्यंत मिळकत असलेल्यांना द्यावी लागतात. २०१८ पासून सरासरी साठ टक्के राखण्याचा तिसरा पर्यायही आहे. पहिल्या पंधरा वर्षांत अटी मोडल्या, तर आधी घेतलेल्या क्रेडिटचा काही भाग गुंतवणूकदाराकडून परत वसूल होतो. १९९० नंतरच्या प्रकल्पांवर एकूण किमान तीस वर्षांचे बंधन असते. गुंतवणूकदाराचा स्वतःचा पैसा अडकलेला असल्याने इमारतीवर त्याचे लक्ष राहते. एखादा सरकारी निरीक्षक वर्षातून एकदा येऊन जे साधणार नाही, ते या भीतीने साधते, असे मला वाटते. त्या योजनेतून शिकण्यासारखी हीच गोष्ट सर्वांत मोठी आहे.

५. ‘नऊ टक्क्यांचे’ आणि ‘चार टक्क्यांचे’ क्रेडिट म्हणजे व्याजदर का?

नाही. पात्र बांधकाम खर्चाचे ते वार्षिक प्रमाण आहे. नऊ टक्क्यांचे क्रेडिट दहा वर्षे मिळते आणि आजच्या किमतीत ते पात्र खर्चाच्या सुमारे सत्तर टक्के भरते. चार टक्क्यांचे क्रेडिट सुमारे तीस टक्के भरते आणि ते करमुक्त रोख्यांतून पैसा उभारलेल्या प्रकल्पांना मिळते. पूर्वी त्यासाठी किमान पन्नास टक्के खर्च अशा रोख्यांतून भागवावा लागे. २०२५ च्या कायद्याने ही अट पंचवीस टक्क्यांवर आणली आणि नऊ टक्क्यांच्या क्रेडिटचा कोटा २०२६ पासून बारा टक्क्यांनी वाढवला.

प्रश्न २ मधील आपल्या नऊ लाखांच्या घराला हे लावून पाहू. सत्तर टक्के, म्हणजे ६.३ लाख, भांडवलातून आले, तर २.७ लाखांचे कर्ज उरते आणि भाडे सुमारे ३,३३० रुपये होते. तीस टक्के भांडवल आले, तर ६.३ लाखांचे कर्ज उरते आणि भाडे सुमारे ६,५७० रुपये होते. प्रत्यक्षात गुंतवणूकदार क्रेडिटला देईल तो भाव कमीजास्त होतो आणि मध्यस्थांचा खर्चही वजा होतो, त्यामुळे हे आकडे फक्त अंदाज देणारे आहेत.

६. मग तिथे सर्वांत गरीब माणसाला परवडणारे घर मिळते का?

केवळ क्रेडिटच्या बळावर नेहमीच मिळत नाही. तिथे कमाल भाडे त्या उत्पन्नगटाच्या मर्यादेच्या तीस टक्के ठरते, भाडेकरूच्या प्रत्यक्ष मिळकतीच्या नव्हे. साठ टक्क्यांच्या घरात तीस टक्के उत्पन्नाचे कुटुंब राहायला आले, तर त्याचे साठ टक्के उत्पन्न भाड्यात जाऊ शकते. म्हणून अशा कुटुंबांना भाडे-व्हाउचरची, म्हणजे भाड्याचा काही भाग सरकारने भरण्याची, वेगळी मदत लागते, आणि ती पात्र असणाऱ्या सर्वांपर्यंत पोहोचत नाही. आपल्याकडेही नेमका हाच दोष शिरू शकतो. तो कसा, ते प्रश्न ८ मध्ये पाहा.

७. भारतात अशी टॅक्स क्रेडिटची योजना आहे का?

नाही. आपल्याकडे नफ्यावरील करमाफीचा मार्ग वापरला गेला. परवडणारी घरे बांधणाऱ्यांच्या नफ्याला शंभर टक्के वजावट देणाऱ्या कलम ८०-आयबीए मध्ये २०२१ च्या वित्त कायद्याने अधिसूचित भाडे-गृहनिर्माण प्रकल्प समाविष्ट झाले. त्यासाठीची मुदत ३१ मार्च २०२२ ही होती, त्यामुळे आज नवा प्रकल्प या कलमावर विसंबून आखता येत नाही. कंपन्यांना किमान पर्यायी कर त्या काळातही भरावाच लागत होता.

मुदत वाढवली असती तरी खानदेशासारख्या भागात या सवलतीचा उपयोग मर्यादितच राहिला असता, असे माझे स्पष्ट मत आहे. नफ्यावरील करमाफी ज्याला नफा होतो त्यालाच मिळते. प्रश्न २ मधील मालकाला नफा नाहीच, मग माफ होणार काय? शिवाय ही सवलत भाडे सुरू झाल्यावर मिळते आणि पैशाची गरज पाया खणताना असते. अमेरिकेतील क्रेडिट ज्याच्याकडे कर आहे त्याला विकता येते आणि त्याचा पैसा आधी हाती पडतो. मुंबईत मोठा नफा कमावणाऱ्या कंपनीच्या करातून अमळनेर किंवा दोंडाईचा येथील घरांकडे पैसा वळवणारी वाट आपल्या करकायद्यात आज नाही. तशी वाट निघावी आणि तिच्यात छोट्या शहरांसाठी राखीव वाटा असावा, ही मागणी आपल्या लोकप्रतिनिधींनी मांडायला हवी.

८. प्रधानमंत्री आवास योजनेत फक्त मालकीचीच घरे मिळतात ना? भाड्याच्या घरांना काय मिळते?

८ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने परवडणाऱ्या भाडे-गृहसंकुलांची योजना मंजूर केली. टाळेबंदीत शहरांतून पायी परतणारे मजूर साऱ्या देशाने पाहिले होते, त्याची ही पार्श्वभूमी होती. १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेल्या शहरी २.० योजनेत परवडणारी भाड्याची घरे हा चार घटकांपैकी एक घटक आहे. त्यात दोन प्रारूपे आहेत. पहिल्यात सरकारी पैशातून बांधून रिकामी पडलेली घरे भाड्याने देण्याजोगी केली जातात (प्रश्न ९ पाहा). दुसऱ्यात खासगी किंवा सार्वजनिक संस्था नवी संकुले बांधतात, चालवतात आणि त्यांची देखभाल करतात. नावीन्यपूर्ण बांधकाम तंत्र वापरल्यास दुसऱ्या प्रारूपाला केंद्राकडून प्रति चौरस मीटर ३,००० रुपये आणि राज्याकडून २,००० रुपये तंत्रज्ञान अनुदान मिळते.

तीस चौरस मीटरच्या घराला हे अनुदान दीड लाख रुपये होते. आपल्या उदाहरणात कर्ज साडेसात लाखांवर येते आणि भाडे ९,००० वरून ७,६५० वर उतरते. ही रक्कम दुर्बल गटाच्या वरच्या टोकाला असलेल्या २५,००० रुपये मिळकतीच्या कुटुंबाच्या ७,५०० च्या मर्यादेच्याही किंचित वर आहे, १५,००० मिळवणाऱ्याला तर ती परवडतच नाही. त्याच घराला सहा टक्क्यांचे तीस वर्षांचे कर्ज मिळाले, तर भाडे सुमारे ५,४०० होते. त्यात नगरपालिकेने थोडी घरपट्टी सोडली किंवा एखाद्या कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून काही रक्कम आली, तर ४,५०० दृष्टीच्या टप्प्यात येते. एकाच योजनेने हे गणित सुटत नाही. चार ठिकाणचा पैसा एका इमारतीत आणणारा माणूस लागतो, आणि आपल्या नगरपालिकांमध्ये नेमके हेच काम कुणाकडे सोपवलेले नसते.

९. आमच्या शहरात सरकारी घरकुले रिकामी पडून आहेत. ती भाड्याने का देत नाहीत?

कायद्याने देता येतात. पहिल्या प्रारूपात नगरपालिका खासगी संस्थेला पंचवीस वर्षांसाठी इमारती सोपवते. संस्था दुरुस्ती करून त्या भाड्याने देते आणि मुदत संपल्यावर इमारती पालिकेकडे परत येतात. २०२० च्या योजनेत सुरतमध्ये ३९३ घरे आणि चंडीगडमध्ये २,१९५ घरे अशा रीतीने वापरात आली. सुरत खानदेशाला नवे नाही. भुसावळ-सुरत रेल्वेमार्गाने पोटासाठी तिकडे गेलेली माणसे आपल्या गावोगावी आहेत, त्यामुळे तिथला अनुभव आपल्याला दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकावा लागणार नाही.

अडचण बहुधा अशी असते की घरे गावापासून लांब असतात आणि तेथे बस, पाणी किंवा शाळा नसते. मालकीचे घर म्हणून जे कुणी घेतले नाही, ते भाड्यानेही कुणी घेणार नाही. निविदा काढण्याआधी पाणी आणि वाहतूक यांवर खर्च करावा लागतो. जळगावकरांच्या मनात ‘घरकुल’ या शब्दाबरोबर जुनी जखमही आहे. नव्वदच्या दशकात तत्कालीन नगरपालिकेने हाती घेतलेल्या योजनेतील बरीचशी घरे पूर्ण झालीच नाहीत, हुडको या केंद्र सरकारच्या गृहनिर्माण वित्त संस्थेच्या कर्जाचे ओझे पुढे महापालिकेला वर्षानुवर्षे वाहावे लागले आणि २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने त्या प्रकरणी शिक्षा सुनावल्या. कर्ज आधी घेतले आणि ते फेडणारे उत्पन्न उभेच राहिले नाही, तर शहर किती काळ मागे पडते हे आपण पाहिले आहे. म्हणून कोणत्याही नव्या प्रकल्पात हप्ता कोणत्या भाड्यातून फिटणार, याचे कोष्टक महासभेपुढे आणि लोकांपुढे ठेवले गेले पाहिजे.

१०. माझा कारखाना जळगाव एमआयडीसीत आहे. कामगारांसाठी खोल्या बांधल्या तर मला काय मिळेल?

पालिकेच्या हद्दीबाहेर असलेली अधिसूचित नियोजन क्षेत्रे आणि औद्योगिक विकास प्राधिकरणांची क्षेत्रेही शहरी २.० योजनेत येतात. त्यामुळे केवळ हद्दीच्या मुद्द्यावर अर्ज मागे घेऊ नये. दुसऱ्या प्रारूपातील अनुदानाचा विचार करावा (प्रश्न ८). जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात औद्योगिक कामगारांसाठी शयनगृह पद्धतीची भाड्याची घरे खासगी भागीदारीतून आणि व्यवहार्यता तफावत निधीच्या (प्रकल्पाचा खर्च आणि त्यातून मिळणारे उत्पन्न यांतील तूट भरून काढणाऱ्या सरकारी मदतीच्या) साहाय्याने उभारण्याची घोषणा झाली होती. कारखान्याने स्वतः न बांधता जीएसटी नोंदणीवर दुसऱ्याचे निवासी घर भाड्याने घेतले, तर १८ टक्के कर रिव्हर्स चार्जने, म्हणजे घरमालकाऐवजी भाड्याने घेणाऱ्या कारखान्याला, भरावा लागतो. हा नियम १८ जुलै २०२२ पासून आहे आणि अनेकांना तो तपासणीच्या वेळीच कळतो.

११. राज्य सरकारचे धोरण काय म्हणते?

मे २०२५ मध्ये मंजूर झालेल्या ‘माझे घर, माझा अधिकार’ या राज्य गृहनिर्माण धोरणात २०३० पर्यंत ३५ लाख घरांचे आणि ७०,००० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचे उद्दिष्ट आहे. नोकरदार महिला, विद्यार्थी, औद्योगिक कामगार आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या घरांचा त्यात स्वतंत्र विचार आहे. याआधी २००८ मध्ये मुंबई महानगर प्रदेशात वाढीव चटई निर्देशांकाच्या बदल्यात १६० चौरस फुटांची भाड्याची घरे घेण्याची योजना निघाली होती. ती पद्धत खानदेशात जशीच्या तशी चालणार नाही. वाढीव चटई निर्देशांकाला मोल येते ते जमीन महाग असेल तिथे. धुळ्यात किंवा नंदुरबारमध्ये जादा मजल्यांचा हक्क दिला म्हणून विकासक फुकट घरे बांधून देणार नाही. इथे रोख अनुदान, सरकारी जमीन आणि स्वस्त कर्ज हेच उपयोगी पडेल. नोकरदार महिलांच्या वसतिगृहांसाठी केंद्राने २०२४-२५ मध्ये राज्यांना पन्नास वर्षांच्या बिनव्याजी कर्जातून ५,००० कोटी रुपये ठेवले. बिनव्याजी पन्नास वर्षांत लाखामागे महिन्याला केवळ १६७ रुपये फेडावे लागतात. प्रश्न २ मधील ९०० रुपयांशी ही रक्कम ताडून पाहावी.

१२. विद्यापीठाजवळ माझ्या घराच्या वर पाच खोल्या आहेत. त्यांच्या भाड्यावर कर कसा लागतो?

समजा पाच खोल्यांचे प्रत्येकी ३,००० प्रमाणे वर्षाचे १,८०,००० रुपये भाडे आले आणि त्या भागासाठी तुम्ही ६,००० रुपये घरपट्टी प्रत्यक्ष भरली. १,७४,००० मधून तीस टक्क्यांची प्रमाणित वजावट, म्हणजे ५२,२०० रुपये, जाऊन १,२१,८०० रुपये करपात्र राहतात. ही तीस टक्के वजावट दोन्ही करप्रणालींत मिळते आणि तिच्यासाठी पावत्या लागत नाहीत, पण मग रंगरंगोटी किंवा दुरुस्तीचा खर्च वेगळा दाखवता येत नाही. खोल्यांसाठी कर्ज काढले असल्यास व्याजही वजा होते. मात्र नव्या प्रणालीत त्यातून येणारा तोटा पगारासारख्या दुसऱ्या उत्पन्नातून वळता होत नाही, आणि जुन्या प्रणालीत तो वर्षाला दोन लाखांपर्यंतच होतो. निवासी घराचे भाडे धंद्याचे उत्पन्न म्हणून दाखवण्याची वाट २०२४ च्या वित्त कायद्याने बंद केली आहे. खोलीबरोबर मेस आणि इतर सेवा देत असाल, तर विभागणी कशी करायची ते सीएला विचारूनच विवरणपत्र भरावे.

१३. आणि मी भाडेकरू आहे, मला काय सवलत?

घरभाडे भत्ता मिळत असल्यास कलम १०(१३अ), मिळत नसल्यास कलम ८०जीजी. दुसऱ्यात महिन्याला कमाल ५,००० रुपयांची वजावट मिळते आणि त्यासाठी फॉर्म १०बीए भरावा लागतो. दोन्ही सवलती फक्त जुन्या प्रणालीत आहेत. डाळमिलमध्ये किंवा चटईच्या कारखान्यात महिन्याला पंधरा-वीस हजार कमावणाऱ्या माणसाला मुळात आयकरच लागत नाही, म्हणून या सवलतींचा एक रुपयाही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. भाड्यासाठी मदत हवी असलेल्या बहुसंख्य लोकांना करसवलत हे चुकीचे साधन आहे. त्यांना कमी भाड्याचे घर हवे किंवा थेट भाडे-साहाय्य हवे.

१४. करार नोंदवला तर कर भरावा लागेल आणि नाही नोंदवला तर भाडेकरू घर बळकावेल. काय करावे?

नोंदणी करावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार किंवा लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. त्याची जबाबदारी घरमालकाची असून कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे मानले जाते. उलट नोंदणीकृत लायसन्सची मुदत संपली की कलम २४ खाली सक्षम अधिकाऱ्यापुढे लवकर ताबा मागता येतो आणि मुदतीनंतर राहिल्यास दुप्पट शुल्क लागते. मुद्रांक शुल्क एकूण मोबदल्याच्या केवळ ०.२५ टक्के आहे. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये आणि ग्रामीण भागात ५०० रुपये आहे. करार ऑनलाइनही नोंदवता येतो. करारच नसेल, तर भाड्याच्या उत्पन्नावर कर्ज देणारी कोणतीही बँक दारात उभी करणार नाही.

१५. वसतिगृहाला जीएसटी लागतो का? आणि महारेरा?

राहण्यासाठी व्यक्तीला दिलेल्या निवासी घराच्या भाड्यावर जीएसटी नाही. वसतिगृहासारख्या निवासाला जुलै २०२४ पासून माफी आहे, मात्र प्रतिव्यक्ती महिन्याला २०,००० रुपयांपर्यंतचेच शुल्क आणि सलग किमान ९० दिवसांचा मुक्काम या दोन्ही अटी पाळाव्या लागतात. माफीची दुसरी बाजू अशी की बांधताना सिमेंट आणि सळईवर भरलेल्या कराचे क्रेडिट मिळत नाही. तो खर्च भाड्यात मुरतो. सिमेंटवरील दर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला, तेवढा दिलासा आहे. विक्रीसाठी नसलेल्या, केवळ भाड्याने देण्याच्या प्रकल्पाला महारेराची नोंदणी लागत नाही.

१६. केळीच्या बागांत आणि ऊसतोडीला जाणाऱ्या हंगामी मजुरांसाठी यात काही आहे का?

थोडे आहे, पुरेसे नाही. रावेर-यावल पट्ट्यातील केळीच्या कामावर येणारे मजूर असोत की नंदुरबारच्या सातपुड्यातून गुजरातेत ऊसतोडीला जाणारी आदिवासी कुटुंबे असोत, त्यांचा मुक्काम काही महिन्यांचा असतो आणि बहुधा ग्रामीण हद्दीत असतो. शहरी योजना तिथे लागू होत नाही. ग्रामीण आवास योजना १.२० लाख आणि डोंगराळ भागात १.३० लाख रुपये देते, पण ती स्वतःच्या गावातल्या मालकीच्या घरासाठी. शहराजवळच्या कामांसाठी शयनगृह पद्धत चालू शकते. तरीही मुलाबाळांसह येणाऱ्या कुटुंबाला खाटेवर ठेवणे हे उत्तर नाही, आणि ९० दिवसांची अट (प्रश्न १५) छोट्या हंगामाला अडते. सध्याच्या धोरणातील ही सर्वांत मोठी पोकळी आहे.

१७. नंदुरबारमध्ये आदिवासी खातेदाराची जमीन भाडेपट्ट्याने घेऊन संकुल बांधता येईल का?

जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ नुसार आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकणे, गहाण ठेवणे किंवा भाडेपट्ट्याने देणे मंजुरीशिवाय चालत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्याला जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, त्याहून मोठ्या मुदतीला शासनाची पूर्वमान्यताही लागते. भाडे-संकुल पंचवीस वर्षांचे असते, तेव्हा ‘आधी बांधू, मग परवानगी घेऊ’ असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. हे बंधन योग्य कारणासाठी आहे. सरकारी जमीन शोधणे हाच इथे सरळ मार्ग आहे.

१८. घरमालक परदेशात आहे. भाडे त्याच्या इथल्या खात्यात भरले की झाले ना?

नाही. मालक करदृष्ट्या अनिवासी असेल, तर भाडे कितीही कमी असले तरी भाडेकरूने कलम १९५ खाली तीस टक्के आणि उपकर कापून तो भरावा लागतो. निवासी मालकासाठी असलेली महिन्याला ५०,००० रुपयांची मर्यादा इथे लागू होत नाही. मालकाला कमी दराने कपातीचे प्रमाणपत्र आयकर विभागाकडून घेता येते, ते करारापूर्वीच मागावे.

१९. अशा संकुलात भाडे दरवर्षी वाढते का, आणि पंचवीस वर्षे राहिल्यावर घर माझे होते का?

२०२० च्या योजनेत सुरुवातीचे भाडे स्थानिक पाहणीवरून ठरवायचे, दर दोन वर्षांनी ८ टक्के वाढवायचे आणि पाच वर्षांत एकूण वाढ २० टक्क्यांवर जाऊ द्यायची नाही, अशी तरतूद होती. करारात हे कलम आहे का, ते सही करण्यापूर्वी पाहावे. घर भाडेकरूच्या मालकीचे होत नाही. पंचवीस वर्षे ते भाड्यासाठीच वापरायचे असते. पहिल्या प्रारूपातील इमारत पालिकेकडे परत जाते. दुसऱ्या प्रारूपात मुदत संपल्यावर ती बांधणाऱ्या संस्थेच्या हाती राहते. अमेरिकेतही हाच पेच आहे. पंधरा आणि तीस वर्षांचे टप्पे ओलांडल्यावर काही इमारती बाजारभावाने भाड्याला लागतात आणि जुने भाडेकरू बाहेर पडतात. म्हणून सरकारी जमीन देताना ती विकू नये, दीर्घ पट्ट्याने द्यावी, आणि मुदत संपताना तेथे राहणाऱ्यांना किमान एक वर्ष आधी लेखी सूचना मिळेल व पालिकेला इमारत घेण्याचा पहिला हक्क राहील, ही दोन कलमे पहिल्याच करारात लिहून घ्यावीत. नंतर ती घालता येत नाहीत.